सव्वीस आट्यांचा शोध

खंडेनवमीला शस्त्रांची पूजा करावी असा आपला परिपाठ आहे. ज्या घरांत तलवार कधी शिरली नाही, अशा कोकणातील आणि गोमंतकातील घरांतूनही त्या दिवशी कोयती, पहार, कुऱ्हाड, विळी आणि शिवणयंत्र स्वच्छ पुसून ओळीने मांडली जातात. त्या ओळीच्या टोकाला, भिंतीला टेकून, गेल्या शतकात केव्हातरी सायकल येऊन उभी राहिली आणि झेंडूच्या माळेतला आपला वाटा तिने निमूटपणे मिळवला. पुढे स्कूटरी आल्या, मोटारी आल्या, माळा मोठ्या झाल्या. आणि सायकल पडवीतून माळ्यावर व माळ्यावरून भंगारवाल्याकडे गेली. हा प्रवास इतका मुकाट्याने झाला की त्याची दखल घ्यावी असे कुणाला वाटले नाही. खरे सांगायचे तर आम्हांलाही वाटले नसते. परंतु गेल्या नवरात्रात सुरतेजवळ कडोदरा येथे आमच्या मामेभावाकडे जाण्याचा योग आला, आणि तेथे माळ घालून उभ्या असलेल्या एका सायकलीने आमचे दोन दिवस खाल्ले.

कडोदरा हे नाव आमच्या वाचकांपैकी पुष्कळांना मुंबई-अहमदाबाद महामार्गावरची एक पाटी म्हणूनच ठाऊक असेल. सुरतेच्या पूर्वेला सुमारे पंधरा किलोमीटरवर, पलसाणा तालुक्यात, महामार्ग आणि सुरत-बारडोली रस्ता एकमेकांना छेदतात तेथे हे गाव आहे. भोवतालचा मुलूख मूळचा उसाचा. शेजारच्या चलथाणला साखर कारखाना आहे. आज मात्र कडोदऱ्याची ओळख ऊस नसून कापड ही आहे. सुरतेच्या मागांवर निघणारे कृत्रिम धाग्याचे कापड धुणे, रंगविणे, छापणे या कामांच्या गिरण्यांची रांग येथून पलसाण्याकडे पसरली आहे. गिरण्यांत राबणारी माणसे ओडिशा, बिहार, उत्तर प्रदेश येथून आलेली. आणि तापी खोऱ्याच्या लोहमार्गाने भुसावळ, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार या वाटेने आलेले खानदेशी लोकही त्यांत थोडेथोडके नाहीत. दुकानांच्या पाट्या गुजराती, बाजारातील बोली हिंदी, आणि चहाच्या गाडीपाशी क्षणभर उभे राहिले तर कानावर अहिराणी पडते. कोकणी माणूस येथे विरळा. आमचे मामेभाऊ त्या विरळांपैकी एक.

ते राजापूर तालुक्यातून तरुणपणी येथे आले ते एका गिरणीच्या रंगखात्यात. येताना वडिलांची, म्हणजे आमच्या मामांची, सायकल त्यांनी सोबत आणली. मामा प्राथमिक शिक्षक होते आणि ती सायकल रॅले होती. नॉटिंगहॅमला तयार झालेली, पुढच्या नळीवर बगळ्याच्या मुखाचे चिन्ह असलेली. ज्या काळी शिक्षकाच्या पगारात अशी सायकल घेणे म्हणजे सावकाराच्या दारात उभे राहणे होते, त्या काळी मामांनी ती घेतली होती. आता मामेभाऊ साठीकडे झुकले आहेत. घरात मोटारसायकल आहे, पण ती मुलाच्या कामावर जाते. चार किलोमीटरवरच्या गिरणीत मामेभाऊ अजूनही त्या सायकलीवरच जातात. पाळीला अर्धा तास उशीर झाला की अर्ध्या दिवसाची मजुरी जाते. तेव्हा ही सायकल त्यांच्या घरात आठवण म्हणून नव्हे, कामाची वस्तू म्हणून आहे, हे प्रथमच सांगून ठेवतो. जुन्या वस्तूंविषयी हळवे होण्याची आम्हां लेखणीबहाद्दरांना खोड असते. तेथे हळवे होण्याला सवड नव्हती.

झाले होते असे, की पायडल मारताना दर फेऱ्याला उजव्या पायाखाली ‘खट्’ असा आवाज येऊ लागला होता. सायकलीच्या संगतीत ज्यांचे आयुष्य गेले त्यांना हा आवाज ओळखीचा असेल. पायडलाचा दांडा, ज्याला क्रँक म्हणतात, तो मधल्या आसावर एका पाचरीने घट्ट बसविलेला असतो. ही पाचर म्हणजे कॉटर पिन: करंगळीपेक्षा बारीक, एका बाजूने तिरकी घासलेली पोलादी कांडी. ती हातोड्याने ठोकून बसवायची असते. तिच्या टोकाची चाकी केवळ ती निसटू नये एवढ्यापुरती. अनुभव नसलेला माणूस ती चाकी पान्याने आवळून पाचर ओढू पाहतो, आटे झिजतात, पाचर ढिली राहते, आणि दर फेऱ्याला थोडीथोडी चेपत जाऊन एके दिवशी पायाखालचा दांडा गरकन फिरतो. मामेभावांच्या सायकलीचे नेमके हेच झाले होते. पूजेच्या दिवशी माळ घातलेली सायकल दुसऱ्या दिवशी फाटकाबाहेर शंभर पावलेही गेली नाही.

चौरस्त्याजवळच्या एका मोठ्या, झगझगीत दुकानात आम्ही प्रथम गेलो. तेथे रुंद टायरांच्या, चकतीच्या ब्रेकच्या, पिवळ्या-हिरव्या सायकली छताला टांगलेल्या होत्या. दुकानदार सभ्य होता. आमच्या हातातली चेपलेली पाचर त्याने उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, “ए माल हवे नथी आवतो, काका.” त्याच्यापुरते ते खरे होते. त्याच्या दुकानातील सायकलींचे दांडे चौकोनी आसावर बोल्टाने आवळलेले असतात. त्यांना पाचर लागतच नाही. तथापि, ‘माझ्याकडे येत नाही’ आणि ‘येत नाही’ यांत जे अंतर आहे, तेवढ्या अंतरात आज देशातील लक्षावधी सायकली भंगारात जात आहेत असे आम्हांस वाटते.

वस्तुतः पाचर मिळत होती. महामार्गालगतच्या सेवारस्त्यावर, निंबाच्या सावलीत, हवा भरण्याचा पंप, पाण्याची घमेली आणि एक पत्र्याची पेटी एवढ्या भांडवलावर बसलेल्या एका खानदेशी मिस्त्रीकडे ती पेटीभर होती. त्याने सायकलीकडे आधी पाहिले, आमच्याकडे नंतर. “हाई गाडी जुनी शे, पन पक्की शे,” एवढे म्हणून त्याने पेटीतून पाचरी ओतल्या. त्यांत दोन जाडीच्या होत्या. एक नऊ मिलिमीटरची आणि दुसरी साडेनऊची, म्हणजे इंग्रजी मापाने तीन अष्टमांश इंचाची. अर्ध्या मिलिमीटराचा हा फरक डोळ्यांना दिसत नाही. मिस्त्रीने तो बोटांनी ओळखला. मग कानशीने पाचरीचा तिरका पृष्ठभाग चार-सहा वेळा घासून, प्रत्येक वेळी घालून पाहून, तिची बैठक जुळवली. क्रँकच्या खाली लोखंडी नळीचा तुकडा उभा धरला, म्हणजे हातोड्याचा घाव आतल्या छर्ऱ्यांना न लागता जमिनीत जावा. आणि तीन ठोके दिले. आम्ही हे इतक्या तपशिलाने सांगतो याचे कारण असे की हे ज्ञान कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही, आणि ते नसले तर पाचर मिळूनही तिचा उपयोग नाही.

येथे काम संपायला हवे होते. पण मिस्त्रीने दांडा हाताने हलवून पाहिला आणि मान हलवली. आस डोलत होता. आतील वाटी, जिच्यात छर्रे फिरतात, ती झिजून खड्डे पडलेली निघाली. एका बाजूला पाव इंची अकरा छर्रे असावयाचे, तेथे नऊच निघाले. त्यांतील दोन फुटलेले. छर्रे त्याच्याकडे होते, आस होता, नवी वाटीही होती. परंतु वाटी सायकलीच्या मधल्या नळीत दोन फेरे आत गेली आणि अडली. जोर लावला असता तर गेलीही असती. जोर लावणारे मिस्त्री पुष्कळ आहेत. याने लावला नाही. त्याने वाटी बाहेर काढली, नळीत बोट फिरवले आणि हिंदीत म्हणाला की साहेब, याचे आटे बारीक आहेत. ही वाटी याची नाही.

तो जे बोटाने सांगत होता त्यामागे एक इतिहास आहे, आणि तो आम्हांस घरी परतल्यावर नीट कळला. ब्रिटनमध्ये सायकलीच्या या नळीचे माप ठरलेले होते: व्यास एक पूर्णांक तीन अष्टमांश इंच, आणि इंचाला चोवीस आटे. बहुतेक कारखाने हे माप पाळीत. रॅलेने मात्र आपल्या सायकलींना इंचाला सव्वीस आटे ठेवले. कारखाना अवाढव्य, आस, वाट्या, चाकांचे तुंबे, सारे काही आपल्याच पदरी घडविणारा, त्याला जगाशी जुळवून घेण्याची गरज वाटली नाही. ज्याच्याकडे रॅले आहे त्याने भागही रॅलेचेच घ्यावेत, हा त्यातला व्यापारी हिशेबही असावा असे म्हटले तर अन्याय होणार नाही. कारखाना चालू होता तोवर हे खपले. नॉटिंगहॅममधील सायकलनिर्मिती २००२ साली थांबली. मालकाची मिरास संपली, पण त्याने पाडलेले सव्वीस आटे जगभरच्या नळ्यांमधून तसेच राहिले. आणि राजापूरच्या एका शिक्षकाच्या सायकलीतून ते कडोदऱ्याच्या निंबाखाली येऊन अडले.

आपल्या देशात याच धंद्याची कथा याहून निराळी आणि अधिक गुंतागुंतीची आहे. स्वातंत्र्यानंतर परदेशी सायकलींची आयात आवळली गेली आणि येथे कारखाने उभे राहिले. आसनसोलला सेन-रॅले, मद्रासजवळ अंबत्तूरला टी. आय. सायकल्स, सोनीपतला ॲटलस. मुंबईत वरळीला हिंद सायकल्स त्याआधीपासूनच होता. यांपैकी सेन-रॅले आणि हिंद या दोहोंची प्रकृती ढासळल्यावर १९८० साली संसदेने कायदा करून त्यांचे राष्ट्रीयीकरण केले. रोगी सरकारी इस्पितळात आला. बरा मात्र झाला नाही. दोन्ही कारखाने पुढे बंद पडले. ॲटलसचा साहिबाबाद येथील कारखाना ३ जून २०२० रोजी बंद झाला, आणि तो दिवस जागतिक सायकल दिनाचा होता. दैवाला विनोदबुद्धी नसते असे म्हणणाऱ्यांनी हा दाखला ध्यानात ठेवावा.

मग कारखाने मेले तरी निंबाखालच्या पेटीत पाचरी कोठून येतात? त्या लुधियान्याहून येतात. फाळणीच्या उलथापालथीत मुंजाल बंधू लुधियान्यात स्थिरावले ते सायकल विकायला नव्हे, सायकलीचे सुटे भाग विकायला. हीरो या नावाने सायकल त्यांनी १९५६ साली काढली; आधी भाग, मग सायकल. १९८६ साली हीरो हा जगातील सर्वांत मोठा सायकल उत्पादक म्हणून गिनीजच्या पुस्तकात गेला, पण लुधियान्याचे खरे बळ त्या एका नावात नाही. गल्लीबोळांत विखुरलेल्या लहानलहान कारखान्यांत कोणी फक्त छर्रे करतो, कोणी फक्त पायडले, कोणी फक्त ब्रेकचे दांडे. एक कारखाना बुडाला तर दुसरा तोच भाग त्याच मापाने करतो. काळी, दांडाब्रेकची, अठ्ठावीस इंची चाकांची साधी सायकल आज इंग्लंडात कोणी कामासाठी वापरत नाही. पण तेथील जुन्या सायकलींचे छांदिष्ट अठ्ठावीस बाय दीड इंची टायरांसाठी आणि दांडाब्रेकच्या भागांसाठी भारतीय मालाकडे वळतात. ज्यांच्याकडून आपण सायकल घेतली त्यांना आज आपण तिचे भाग पुरवतो, हे वाचून वाचकांना थोडी गंमत वाटल्यास आमची हरकत नाही.

तात्पर्य, सायकलीचे आयुष्य कारखान्याच्या आयुष्यावर अवलंबून नसते. मापाच्या आयुष्यावर असते. माप सामायिक असेल तर कारखाना बुडाला तरी सायकल चालते. माप एकट्याचे असेल तर उत्तम पोलादाची सायकलही एका वाटीपायी खिळते. हा भेद आज पूर्वीपेक्षा अधिक बोचणारा झाला आहे, आणि त्याचा प्रत्यय आम्हांस तेथेच, आमची वाटी शोधली जात असताना, आला.

एक तरुण ओडिया कामगार सायकल ढकलीत आला. मागचा टायर फाटलेला. कॅरियरला नवा टायर बांधलेला. आदल्या दिवशी त्याने तो ‘सव्वीस’ म्हणून घेतला होता, कारण त्याच्या जुन्या टायरवर सव्वीस हा आकडा होता आणि नव्यावरही होता. मिस्त्रीने दोन्ही शेजारी धरले. नवा टायर आतून जवळजवळ सव्वा इंचाने लहान निघाला. साध्या सायकलीचा सव्वीस बाय एक पूर्णांक तीन अष्टमांशाचा टायर ज्या रिमवर बसतो तिचा व्यास ५९० मिलिमीटर. हल्लीच्या रुंद टायरांच्या डोंगरी सायकलीच्या सव्वीस इंची रिमचा व्यास ५५९. नाव एक, माप दोन. अठ्ठावीस इंचांचीही तीच गत: जुन्या काळ्या सायकलीची रिम ६३५ मिलिमीटरची, आणि नव्या पातळ टायरांच्या सायकलीची ६२२ची; दोघीही बाजारात ‘अठ्ठावीस’ म्हणूनच वावरतात. खरे माप टायरच्या कडेला बारीक उठावाच्या आकड्यांत छापलेले असते, ‘३७-५९०’ किंवा ‘४०-६३५’ असे. त्यातला दुसरा आकडा रिमचा. वाचकांनी टायर घेताना तो जरूर वाचावा. त्या तरुणाला तो कोणी सांगितला नव्हता, दुकानदाराने फोडलेले वेष्टन परत घेण्यास नकार दिला होता, आणि त्याची पाळी तासाभरात सुरू व्हावयाची होती. तो सायकल मिस्त्रीकडे सोडून चालत निघाला. गिरणी किती लांब आहे हे आम्ही विचारले नाही. विचारायला हवे होते.

२०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे पंचेचाळीस टक्के कुटुंबांकडे सायकल होती. हा आकडा जुना झाला, तरी कडोदऱ्याच्या रस्त्यावर सकाळी सात वाजता उभे राहणाऱ्यास त्याविषयी शंका राहणार नाही. २०२० च्या टाळेबंदीत जेव्हा आगगाड्या थांबल्या, तेव्हा घराकडे निघालेल्या मजुरांपैकी ज्यांना शक्य झाले त्यांनी जुन्या सायकली विकत घेऊन शेकडो कोसांची वाट धरली. आजारी वडिलांना मागे बसवून गुरगावहून दरभंग्यापर्यंत गेलेली ज्योती कुमारी तेव्हा पंधरा वर्षांची होती, आणि तिची सायकलही जुनी, हातबदलीची होती. तिच्या धैर्याचे देशभर कौतुक झाले, ते योग्यच झाले. त्या सायकलीचे छर्रे, चेन आणि टायर वाटेत कोणी कोणी नीट करून दिले असतील, त्यांच्या वाट्याला कौतुकाचा एक शब्दही आला नाही.

सायकलदुरुस्ती ही आपल्याकडे कमी प्रतीची विद्या समजली जाते. दहावी नापास झालेल्या मुलास उद्देशून ‘सायकलचे दुकान काढ’ असे टोचून बोलण्याची मध्यमवर्गीय मराठी घरांत पद्धतच होती. बोलणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक नसावी. मराठी माणसाच्या यंत्रोद्योगाचा पहिला धडा सायकलीच्या दुकानातच गिरविला गेला. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत अध्यापन करीत असता तेथून सायकली बेळगावास धाडीत, आणि त्यांचे बंधू त्या विकीत व लोकांना चालवावयास शिकवीत. १८८८ सालच्या त्या बेळगावच्या दुकानातून ‘किर्लोस्कर बंधू’ हे नाव निघाले. नांगर, पंप आणि १९१० सालची किर्लोस्करवाडी ही पुढची प्रकरणे. सातासमुद्रापलीकडे डेटन गावी राईट बंधूंचेही सायकलीचेच दुकान होते, आणि १९०३ साली त्यांचे विमान उडाले तेव्हा त्याचे पंखे सायकलीच्या जातीच्या साखळीनेच फिरत होते. निंबाखालच्या आमच्या मिस्त्रीने विमान करावे अशी आमची अपेक्षा नाही. पण त्याच्या बोटांना चोवीस आणि सव्वीस आट्यांतला भेद कळतो, आणि ही विद्या त्याच्यानंतर कोणाकडे जाणार हे त्यालाही माहीत नाही. त्याचा मुलगा मोबाईलच्या दुकानात आहे.

दुरुस्तीच्या हक्काची भाषा आता सरकारदरबारीही ऐकू येते. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये त्यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात सुट्या भागांची व दुरुस्तीची माहिती ग्राहकांना एका ठिकाणी मिळावी म्हणून व्यवस्था सुरू केली. शेतीची अवजारे, मोबाईल व इलेक्ट्रॉनिक उपकरणे, घरगुती टिकाऊ वस्तू आणि मोटारवाहने अशी चार क्षेत्रे तीत धरली आहेत. सायकल त्यांत कोठेच नाही. ती वस्तू इतकी साधी की तिचा प्रश्नच नसावा, असे समितीला वाटले असेल. २०२५ च्या सप्टेंबरात सायकल आणि तिचे भाग यांवरील वस्तू व सेवा कर बारा टक्क्यांवरून पाचावर आणला, हे चांगले झाले. परंतु जो भाग ओळखताच येत नाही त्यावर कर किती आहे याने गिऱ्हाइकाला काय फरक पडतो?

आमच्या मते करण्यासारख्या गोष्टी फार मोठ्या नाहीत. सायकलीच्या सांगाड्यावर कारखान्याचे नाव अर्ध्या फुटाच्या अक्षरांत रंगवतात. त्याच्याच खाली रिमचे, आसाचे आणि आट्यांचे माप बोटभर जागेत कोरणे अशक्य नाही. विक्रेत्याने टायरचे माप मिलिमीटरमध्ये बिलावर लिहावे. शाळेत जाणाऱ्या मुलींना सरकारे सायकली देतात. महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमातून दिल्या जातात, गुजरातेत सरस्वती साधना योजनेतून. ही अत्यंत उपयुक्त योजना आहे. तिच्यात दर सायकलीमागे एक पाचरींची जोडी, मूठभर छर्रे, दोन ब्रेकचे रबर आणि एक ट्यूब एवढे दिले, आणि दर चार-पाच गावांमागे एका मिस्त्रीशी वर्षाचा करार केला, तर वाटलेली सायकल दुसऱ्या पावसाळ्यानंतर गोठ्यात उभी राहणार नाही. विशेषतः आमच्या किनाऱ्यावर, जेथे खारी हवा चाकांच्या तारा आणि रिमा दोन-तीन पावसाळ्यांतच खाते, तेथे याची निकड घाटावरच्यापेक्षा जास्त आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून मोटारदुरुस्ती शिकविली जाते. सायकल व शिवणयंत्र यांची दुरुस्ती त्यांतल्या एका कोपऱ्यात बसवायला इमारत बांधावी लागणार नाही.

एक शंका कोणी काढील, आणि ती वाजवी आहे. ज्या कामगाराला मोटारसायकल परवडते तो सायकल सोडतो. मग मागे पडणाऱ्या वाहनासाठी हा खटाटोप कशाला? याचे उत्तर मामेभावांच्या घरीच होते. मोटारसायकल घरात आली ती एकच. ती एकालाच घेऊन जाते. उरलेल्यांचे पाय अजून पायडलावरच आहेत. शिवाय सायकल हौसेने चालविणारा नवा वर्ग शहरांत निर्माण झाला आहे, आणि पन्नास हजारांची सायकल घेतल्यावर तिचा एक लहानसा भाग मिळेना म्हणून ती बाल्कनीत उभी ठेवणारे गृहस्थ आमच्याही परिचयाचे आहेत. त्यांचे दुःख आणि त्या ओडिया तरुणाचे दुःख एकाच जातीचे, फक्त एकाची पाळी चुकत नाही.

आता वाटीचे काय झाले ते सांगावयाचे राहिले. दुसऱ्या दिवशी शेअर रिक्षाने आम्ही सुरतेस गेलो. जुन्या वस्तीतील तीन दुकानांत नकार मिळाला. चौथा दुकानदार वयस्क होता. त्याने नकार न देता पत्ता दिला, आणि त्या पत्त्यावर एका भंगाराच्या वखारीत, शिवणयंत्रांच्या चाकांखाली, एक रॅलेचा सांगाडा निघाला. पुढचा चिमटा वाकलेला, सीट नाही, चाके नाहीत; बगळा मात्र शाबूत. सांगाडा वजनावर मिळाला. उजव्या बाजूची वाटी उलट्या आट्यांची असते, ती गंजून घट्ट बसलेली. मिस्त्रीने तिच्यावर रात्रभर रॉकेल सोडले आणि सकाळी लांब दांड्याच्या पान्याने ती सोडविली. आतून ती आरशासारखी होती. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी जुन्या सायकलींचे संग्रहालय उभारले आहे, दुसऱ्या महायुद्धातील छत्रीधारी सैनिकांची घडीची सायकलही त्यात आहे; असा संग्रह करणाऱ्याला किती वखारी पालथ्या घालाव्या लागल्या असतील याची कल्पना आम्हांस त्या सकाळी थोडीशी आली.

वाटी बसली. अकरा आणि अकरा छर्रे ग्रीसमध्ये ओळीने बसले. ‘खट्’ आवाज गेला. मामेभाऊ त्या दिवशी दुसऱ्या पाळीला वेळेवर पोचले. ओडिया तरुणाची सायकलही मिस्त्रीने तोवर उभी केली होती; जुनाच टायर आतून तुकडा लावून शिवला होता. मिस्त्री म्हणाला, महिनाभर चालेल.

मामेभावांच्या सायकलीचा मागच्या ब्रेकचा लांब दांडा मात्र अजून मिळालेला नाही. वखारीतल्या सांगाड्याला तो नव्हता, आणि बाजारातला दोन बोटे आखूड पडतो. सध्या तेथे तार बांधली आहे. आमच्या वाचकांपैकी कोणाच्या माळ्यावर, चोवीस इंची सांगाड्याची जुनी रॅले पडून असेल आणि ती चालविण्याचा विचार उरला नसेल, तर भंगारवाल्यास देण्यापूर्वी आमच्या कार्यालयास एक पत्र टाकावे. दांड्याचे माप आम्ही कळवू.